सासूभात

ठमाबायच्या घरी गेलं की ती ‘या, बसा’ असं म्हणत नसे. ‘धर’ म्हणायची, आणि आपल्या हातात काहीतरी यायचं. कधी सोलायला वालाच्या शेंगा, कधी निवडायला कुरडूची भाजी, कधी अंबाडीच्या वाखाचं एक टोक. दुसरं टोक तिच्या हातात असायचं, आणि पीळ घालत घालत ती बोलायची. रिकाम्या हाताचं माणूस लबाड बोलतं, असा तिचा पक्का समज होता. "हात गुतला का जिभेला वाकडं जायाला सवड नाय मिळत," असं तिचं म्हणणं.

एकदा आमच्या संस्थेचे मोठे साहेब पुण्याहून वाडीवर आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात बूट. ठमाबायनं त्यांच्यापुढे तांदळाचं सूप सरकवलं. "धरा. खडं काढा." साहेबांनी आमच्याकडे पाहिलं, आम्ही जमिनीकडे. मग पंधरा मिनिटं ते निमूटपणे खडे वेचत बसले आणि ती त्यांना पुण्याच्या पावसापाण्याचं विचारत राहिली. ते उठले तेव्हा तिनं सूप उचलून उजेडाला धरलं, दोन खडे आणखी काढले आणि म्हणाली, "चष्मा बदला."

ही गोष्ट मी अनेकांना सांगते. लोक हसतात. तिच्याबद्दलच्या बाकीच्या गोष्टी मी सांगत नाही. आज सांगायच्या आहेत.

मी वाशिंदची. कृषी पदविका झाली आणि तेविसाव्या वर्षी एका संस्थेत कामाला लागले. संस्थेचं कार्यालय मुरबाडला, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. माझ्याकडे धसईच्या पुढच्या, डोंगराच्या पायथ्याच्या सात-आठ वाड्या होत्या. काम दोन प्रकारचं: लोकांना सुधारित भात लावायला लावायचं, आणि बेणणीऐवजी तणनाशक वापरायला शिकवायचं. बेणणी म्हणजे भातातलं तण हातानं उपटणं. भातशेतीतलं सगळ्यात कमरतोड काम हेच. श्रावणात, चिखलात पोटऱ्यांपर्यंत उभं राहून, बायका दिवस दिवस ओणव्या असतात. ह्या बायकांची पाठ मोकळी करायची, असं मला खरोखर मनापासून वाटायचं. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही. पण तेही खरं होतं.

पहिल्याच श्रावणात मी प्रात्यक्षिकासाठी शेत शोधत ठमाबायच्या वाडीत गेले. सगळ्या खाचरांत सावा माजलेला. सावा दिसायला अगदी भातासारखा असतो, नवख्या माणसाला ओळखू येत नाही, आणि भाताचं अन्न खाऊन भाताच्याही वर डोकं काढतो. ठिकठिकाणी बायका ओणव्या होत्या. वळणावरचं एकच खाचर स्वच्छ होतं. त्याच्या बांधावरून एक बुटकी, काळीसावळी बाई दोन्ही हात पाठीमागे बांधून चालली होती. शाळा तपासायला आलेला साहेब वर्गातून फिरतो तशी. पन्नाशीची असेल. हनुवटीवर गोंदण, पुढचा एक दात नाही.

"मावशी, कोणतं औषध मारलंत?" मी विचारलं.

"औषध? माजी सासू हाय ना."

मी आसपास म्हातारी शोधू लागले. तेव्हा ती जी हसली, ती बांधावर बसूनच हसली. मग भाताच्या रोपांकडे बोट करून म्हणाली, "ही काय. ही सासू. हिच्या शेजारी कोण नांदत नाय."

ते भात तिच्या माहेरचं होतं. माहेर शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या बाजूला. लग्न होऊन ती मुरबाडकडे आली आणि पहिली दोन वर्षं तिला श्रावणात माहेरी जाता आलं नाही. बेणणीला घरातला एकही हात सोडायची सासूची तयारी नव्हती. तिसऱ्या वर्षी आई स्वतः आली. लुगड्याच्या धडप्यात बांधून पायलीभर बी आणलं आणि जावयाच्या हातात देऊन म्हणाली, हे लावा, याला बेणणी नाममात्र लागते. त्यांनी एका खाचरात लावलं. खरंच निम्म्याहून जास्त काम वाचलं. पुढच्या वर्षी सगळ्या खाचरांत तेच लावलं. तेव्हापासून दर श्रावणात, वाडीतल्या सगळ्या बायका चिखलात असताना, ठमाबाय आठ दिवस माहेरी जायची.

"आयनं सोनं नाय घातलं मला," ती सांगायची. "आठ दिस घातलं. दर सालचं आठ दिस."

भाताचं नाव माहेरी नुसतं ‘गरवं’ होतं, म्हणजे उशिरा पिकणारं. ‘सासू’ हे तिनं ठेवलेलं. नाव खऱ्या सासूच्या कानावर गेलं तेव्हा म्हातारी चार दिवस त्या तांदळाचा भात जेवली नाही. शेवटी ठमाबायनं तिला बांधावर नेलं, सगळं खाचर दाखवलं आणि म्हणाली, "आत्या, तुमच्यावानी हाय म्हून तर शेत ऱ्हायलं." म्हातारीला यात अपमान आहे की मान, हे कळेना. ती जेवायला लागली.

ह्या भाताचे तिनं कायदे बसवले होते. कापणीनंतर त्या खाचरात ती लगेच वाल टाकत नसे. वाल उगवतो, पण रडत उगवतो, असं तिचं निरीक्षण. "तिचा राग निवू द्यायचा. दोनदा नांगर फिरवायचा, ऊन खाऊ द्यायचं. मंग टाकायचा वाल." त्याचा पेंढा ती मिरचीच्या वाफ्यात पसरायची, तिथंही गवत कमी येई. पण मिरचीचं रोप वीतभर झाल्याशिवाय नाही. "लहान पोराला सासूच्या हातात नाय द्यायचं."

त्या पहिल्या दिवशी तिनं मला सावा उपटून दाखवला. एक शेजारच्या खाचरातला, एक स्वतःच्या. शेजारचा कमरेएवढा, मुळांचा भरगच्च झुपका. तिच्याकडचा बोटभर, पिवळट, आणि मुळं आखूड, टोकाला करपल्यासारखी. "बघ. हिनं त्येला जेवू नाय दिलं."

मी हसले. मी तिला समजावून सांगितलं की तुमच्या खाचरात पाणी नीट तुंबत असेल, त्यामुळे तण कमी येतं.

"शेजारच्यात काय पाणी नाय?" ती म्हणाली.

एकच बांध होता मध्ये. पाणी एकाच पाटाचं. मी वही उघडून तिचं नाव लिहून घेतलं.

मला माहीत होतं, आणि हेच मला अजून टोचतं. पदविकेच्या पुस्तकात एक परिच्छेद होता. काही वनस्पती मुळांतून, पानांतून, कुजणाऱ्या पाचटातून अशी रसायनं सोडतात की शेजारचं बी रुजत नाही, रुजलंच तर मूळ धरत नाही. मी तो परिच्छेद पाठ केला होता, परीक्षेत लिहिलाही होता, शब्दाला शब्द. तो परिच्छेद माझ्यासमोर हनुवटीवर गोंदण घेऊन उभा होता आणि मला ओळखू आला नाही. पुस्तकातलं ज्ञान असं वाडीत, चिखलात, एका निरक्षर बाईच्या हातात असू शकेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पुढच्या वर्षी ती मुरबाडला आली.

त्या दिवशी कार्यालयात बाहेरचे पाहुणे होते. भिंतीवर आमच्या तणनाशकाच्या प्रात्यक्षिकांचे फोटो लावले होते, आमच्या कार्यालयाचे सर माहिती देत होते, मी तक्ते बदलत होते. जिन्यात धाप लागल्याचा आवाज आला आणि दारात ठमाबाय उभी राहिली. डोक्यावर एक डबा, काखेत एक. तेलाचे पत्र्याचे डबे आडवे कापून त्यांत चिखल भरला होता आणि चिखलात भात वाढत होतं. धसईहून बसमध्ये एक मांडीवर आणि एक पायांत धरून ती आली होती. लुगडं पुढून सगळं चिखलानं माखलेलं.

"मॅडम, तू म्हणालीस ना पाण्यानं व्हतं म्हून," ती म्हणाली. "आता बघ. दोन्हीत एकाच बांधाची माती. पानी एकाच गडव्यानं घातलंय. सावा दोन्हीत मूठ-मूठ. ह्यात तुमचं भात, ह्यात सासू."

तिनं डबे सरांच्या टेबलावरच ठेवले. चिखलाचं पाणी तक्त्यांवर ओघळलं.

मी पाहिलं. आमच्या भाताच्या डब्यात सावा भातापेक्षा उंच झाला होता, पत्र्याच्या बाहेर झुकला होता. दुसऱ्या डब्यात सावा उगवला होता, नव्हता असं नाही, पण बोट दोन बोटं वाढून तिथंच खुंटला होता, पिवळा पडला होता. काही रोपं तर नुसती कोंब काढून मेली होती. त्या क्षणी तो परिच्छेद मला आठवला. पान कोणतं, डावीकडचं की उजवीकडचं, तेसुद्धा आठवलं.

सर म्हणाले, "हे काय आहे मॅडम?"

पाहुणे बघत होते. भिंतीवर फोटो होते. माझी नोकरी वर्षाच्या कराराची होती आणि करार पुढच्या महिन्यात संपत होता.

मी म्हणाले, "काही नाही सर. ह्यांनी एका डब्यात औषध टाकलं असेल. वाडीत आपणच वाटलंय ना."

सगळे हसले. सर जरा जास्तच मोठ्यानं हसले, सुटल्यासारखे. एक पाहुणे म्हणाले, "म्हणजे प्रचार चांगला झालाय तुमचा."

ठमाबायला पहिल्यांदा कळलंच नाही. ती हसणाऱ्यांकडे पाहून थोडी हसली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मी औषध टाकलं?"

मी तक्ता पुसत होते.

"मी कशापायी टाकीन गो?"

तिनं एक डबा डोक्यावर घेतला, दुसरा काखेत मारला आणि जिना उतरली. मी तिला पाणीही विचारलं नाही. खिडकीतून दिसलं, ती स्टँडकडे चालली होती. डबे तिनं रस्त्यात टाकून दिले असते तर मला बरं वाटलं असतं. तिनं ते दोन्ही परत नेले.

माझा करार वाढला.

त्या हिवाळ्यात म्हसा गावच्या जत्रेत ती मला दिसली. मी वाशिंदच्या मैत्रिणींबरोबर गेले होते. ती समोरून येताना दिसताच मी एका घोंगड्यांच्या दुकानामागे वळले. पण गर्दीतून वाट काढत ती थेट माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "धर." माझ्या हातात एक जिवंत कोंबडी होती, पाय बांधलेली. "लेकाला शोधून येते. सोडू नको, लई पळते." आणि ती गेली. अर्धा तास मी जत्रेत कोंबडी धरून उभी. मैत्रिणी हसून लोळायच्या बाकी. ती परत आली, कोंबडी घेतली, तिचे पंख नीट आहेत का बघितले. डब्यांचा विषय नाही, राग नाही, टोमणा नाही. मला वाटलं, विसरली. वाटून घेतलं, असं म्हणायला हवं. तिथं मला सहज म्हणता आलं असतं, मावशी, तुमचा डबा खरा होता. एवढेच शब्द होते. जत्रेच्या गोंगाटात ते तिच्याशिवाय कुणाला ऐकूही गेले नसते. मी विचारलं, "कोंबडी कितीला घेतली?"

पुढच्या उन्हाळ्यात वाडीच्या देवळासमोर सभा झाली. संस्थेची कल्पना अशी होती की सगळ्या वाडीनं सलग एकाच पट्ट्यात सुधारित हळवं भात लावायचं, म्हणजे सगळ्यांचं एकदम लवकर पिकेल, एकदम कापणी होईल. बी संस्था देणार. लोक तयार होते. ठमाबायचा मुलगा काशिनाथ वाशिंदला कारखान्यात होता, तोही सुट्टी काढून आला होता आणि तयार होता. सुनेनं, सुमननं, बियाण्याची पिशवी घरात नेऊनही ठेवली होती.

ठमाबाय उठली. "माजं गरवं हाय," ती म्हणाली. "तुमचं हळवं कापून झालं का तुमी गुरं मोकळी सोडणार. माजं उभं ऱ्हाणार वीस दिस. एकटीनं कसं राखू? गुरं वीस दिस बांधा, येवढंच मागते."

मागणी फार मोठी नव्हती. ती मान्य होण्यासारखी होती. लोकांनी माझ्याकडे पाहिलं, कारण योजना राबवणारी मी होते. मी जर म्हणाले असते की गुरं बांधू या, तर बांधली असती.

पण मला तिच्या खाचराकडे परत बघायचं नव्हतं. ते शेत तसंच स्वच्छ राहिलं असतं तर दर श्रावणात मला त्याच्या बांधावरून जावं लागलं असतं. ही गोष्ट मला तेव्हा शब्दांत कळली नव्हती. आता कळते.

मी म्हणाले, "मावशी, एका माणसासाठी सगळी वाडी थांबवता येणार नाही."

वाक्य चांगलं होतं. माणसांनी माना डोलावल्या. काशिनाथ आईच्या हाताला धरून म्हणाला, "बस आये, मॅडम शिकलेल्या हायत." ती बसली.

तरीही त्या वर्षी तिनं एका खाचरात सासू लावलीच. हे आणि पुढचं मला सुमननं फार नंतर सांगितलं, कारण तोवर मी ती संस्था सोडून लग्न करून शहापूरला गेले होते. त्या कार्तिकात सगळ्यांची कापणी झाली, गुरं सुटली. ठमाबाय सकाळपासून दिवस मावळेपर्यंत खाचराशी काठी घेऊन बसायची, भाकरी तिथंच खायची. एके दुपारी नातवाला ताप आला म्हणून ती घरी गेली आणि तेवढ्यात कळप शिरला. हाती लागलं ते एका सुपात मावलं. दुसऱ्या वर्षी तिनं ते घरामागच्या तुकड्यात लावलं, पण तिथं पाणी ठरेना, लोंब्या पळंज, दाण्यावाचून राहिल्या. मूठ-दोन मुठी बी आलं. तिसऱ्या वर्षी लावणीच्या तोंडाला ती पाय घसरून पडली, मनगट मोडलं, ते बी मडक्यातच राहिलं. चौथ्या वर्षी पेरलं तर एकही कोंब आला नाही. भाताचं बी थांबत नाही. हेही माझ्या पुस्तकात होतं.

मधे बरीच वर्षं गेली. शहापूरला मी आता शेतकरी गटांना प्रशिक्षण देते. मागच्या वर्षी एका विद्यापीठातल्या संशोधक बाई आमच्याकडे आल्या. जुनी गावठी भातं गोळा करत त्या हिंडत होत्या. त्यांनी पडद्यावर एक चित्र दाखवलं: काचेच्या दोन नळ्या, दोन्हींत भाताचं आणि साव्याचं रोप शेजारी शेजारी. एकीत साव्याची मुळं पसरलेली, दुसरीत आखूड, टोकाला करपलेली. त्या सांगत होत्या की काही भातांच्या मुळांतून एक द्रव्य पाझरतं, त्यानं सावा खुंटतो. सगळ्या भातांत हा गुण नसतो, काही थोड्या जुन्या जातींत असतो, आणि त्याचा उपयोग करून औषधाशिवाय तण कमी करता येईल का, हे त्या शोधत होत्या. "तुमच्यापैकी कुणी असं भात पाहिलंय का?"

खोलीत तीस माणसं होती. मी सगळ्यांत मागे उभी होते. चहा झाल्यावर, सगळे बाहेर गेल्यावर मी त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "एक होतं."

वैशाखात आम्ही त्यांच्या जीपनं वाडीला गेलो. ठमाबाय ओटीवर चिंच फोडत बसली होती. केस पूर्ण पांढरे, मोडलेलं मनगट थोडं वाकडं बसलेलं. मला वाटलं होतं ओळखणार नाही. तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम गो, तू व्हय. जाड झालीस." आणि आम्हा दोघींपुढे चिंचेचा ढीग सरकवला.

संशोधक बाईंनी चिंच फोडत फोडत विचारलं, आणि ठमाबायनं सगळं सांगितलं. भाताची उंची, काडीचा रंग, सावा कितव्या दिवशी पिवळा पडतो, वालाचं, मिरचीचं. कुठं अडखळली नाही. बाई भराभर लिहून घेत होत्या. मग त्या म्हणाल्या, "बी आता नाहीच. पण हे तुमच्याशिवाय कुणी पाहिलंय का आजी? निदान एखादं माणूस?"

"ही काय," ठमाबाय म्हणाली. "हिनं बघितलंय. काय गो?"

तिच्या आवाजात काहीही नव्हतं. तिनं फक्त साक्षीदार दाखवला होता.

मी म्हणाले, "हो. मी पाहिलंय. ह्यांनी दोन डब्यांत लावून माझ्या कार्यालयात आणून दाखवलं होतं. मला दिसलं होतं, कळलंही होतं. मी सगळ्यांसमोर म्हणाले की ह्यांनी औषध टाकलंय." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "माझी नोकरी नवी होती."

"हां," ठमाबाय म्हणाली आणि पुढची चिंच घेतली.

संशोधक बाईंनी चष्मा काढून पुसला. मग त्या म्हणाल्या, माहेरी असेल का कुठं बी?

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी डोळखांबच्या बाजूला गेलो. भाऊ वारला होता. भाच्यांनी जमीन विकल्याचं ठमाबायला माहीत होतं, पण विकल्यानंतर ती तिथं आली नव्हती. जिथं खाचरं होती तिथं आता दगडी भिंत होती, आत उतरत्या छपराचा बंगला, आणि बंगल्याभोवती हिरवंगार, कातरलेलं गवत. राखणदारानं फाटक उघडलं नाही. ठमाबाय हात पाठीमागे बांधून फाटकाच्या गजांतून बघत राहिली.

"ह्ये गवत आपसूक आलंय का लावलंय?" तिनं राखणदाराला विचारलं.

"लावलंय. लॉन हाय तो. रोज पानी मारतो."

ठमाबाय हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. "आमच्या आयनं इथं जन्मभर गवताची काडी ठेवली नाय रे," ती त्याला म्हणाली, "आनि तू पानी मारतोस!" राखणदारही हसला. त्याला वाटलं म्हातारी चेष्टा करतेय.

आसपासच्या चार वाड्यांत विचारलं. दोन म्हाताऱ्यांना ते भात आठवत होतं. बी कुणाकडे नव्हतं. संशोधक बाईंनी वहीत नोंद पुरी केली आणि खाली ‘उपलब्ध नाही’ असं लिहिलं.

परतताना सरळगावला बाई कशासाठी तरी उतरल्या आणि जीपमध्ये आम्ही दोघीच होतो. मी म्हणाले, "मावशी, माझं चुकलं."

ती समोर बघत होती. मला वाटलं, आता ती ‘जाऊ दे’ म्हणेल. गावाकडची माणसं म्हणतात. मी त्या दोन शब्दांसाठी थांबले होते, हे मला लपवायचं नाही.

"चुकलं नव्हतं गो," ती म्हणाली. "तुला दिसलं व्हतं."

त्यात राग नव्हता. नांगरताना बैल कुठं वळला, ते सांगावं तसं तिनं सांगितलं. मग बाई आल्या, केळी आणली होती. ठमाबायनं दोन खाल्ली, एक नातवासाठी पदरात बांधली.

त्यानंतर मी तिला एकदाच पाहिलं, ह्याच पावसाळ्यात. धसईच्या पुढच्या एका वाडीत गटाची बैठक होती, मी बसनं निघाले होते. त्यांच्या वाडीच्या वळणावर समोरून टेम्पो आला, रस्ता अरुंद, दोन्ही चालक हट्टी. बस थांबली. खिडकीतून खालचं खाचर दिसत होतं. तिचंच. सावा भाताच्या वर गेला होता आणि पाच-सहा बायका ओळीनं ओणव्या होऊन बेणत होत्या. तिसरी बाई सरळ झाली, वाकड्या मनगटाचा हात कमरेवर ठेवला आणि दुसऱ्या हातातला साव्याचा पेंडका बांधावर फेकला. बांधावर असा केवढा तरी ढीग झाला होता. ती ठमाबाय होती. सुमन पुढं निघून गेली होती, ठमाबायला मागं पडलेलं अंतर भरून काढायचं होतं, पण तिच्यानं लगेच वाकवेना. ती तशीच उभी राहून धापा टाकत होती.

टेम्पो मागं जायला तयार नव्हता. बस बराच वेळ उभी होती. बांधापर्यंत उतरायला दोन मिनिटंही लागली नसती, आणि बैठक माझ्याशिवाय सुरू होणार नव्हती.

ठमाबायनं कपाळावर हात धरला आणि बसकडे पाहिलं. एक एक खिडकी बघत तिची नजर मागून पुढं येऊ लागली.

मी काच ओढून घेतली. बाहेर पाऊस नव्हता.